स्कॉच निवडायची कशी? वय आणि किंमत जरा बाजूला ठेवून

सह्यकडा

कुणी परदेशातून येणार असलं की घरच्या ग्रुपवर विचारणा होते, "ड्यूटी फ्रीमधून कोणती आणायला सांगू?" उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतो अठरा वर्षांची आण, दुसरा म्हणतो सिंगल माल्टच हवी, तिसरा सगळ्यात महागडीचं नाव सांगतो. पिणाऱ्याला कोणती चव आवडते हे कुणीच विचारत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच, की स्कॉच निवडताना आधी तीन गोष्टी बघा: धूर किती, पिंप कोणतं आणि तीव्रता किती. वय आणि किंमत त्यानंतर.

आधी कायदा, कारण लेबल त्याच्यामुळेच वाचता येतं. स्कॉटलंडमध्ये धान्य, पाणी आणि यीस्ट यांच्यापासून बनलेली, तिथेच ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोल असलेली तेवढीच स्कॉच. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बाहेरून घालायची परवानगी फक्त पाण्याला आणि रंगासाठी साध्या कॅरमेलला. हे २००९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. त्यामुळे गडद रंग बघून 'जुनी दिसतेय' असं ठरवू नका, तो रंग कॅरमेलचाही असू शकतो. जर्मनीत विकायच्या बाटलीवर रंग घातल्याचं छापावं लागतं, आपल्याकडच्या बाटलीवर ते दिसेलच असं नाही.

सिंगल माल्ट म्हणजे एका पिंपातली व्हिस्की नव्हे. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या जवापासून (म्हणजे माल्टपासून), तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, काढलेली ती सिंगल माल्ट. त्या डिस्टिलरीतली शेकडो पिंपं एकत्र करूनही ती सिंगल माल्टच राहते. ब्लेंडेड स्कॉचमध्ये वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या माल्टबरोबर ग्रेन व्हिस्की असते. ग्रेन व्हिस्की गहू किंवा मक्यापासून उंच स्तंभासारख्या स्टिलमध्ये सलग काढतात आणि ती हलकी असते. या स्टिलचं पेटंट १८३० साली ईनियस कॉफी यांनी घेतलं. जगात खपणारी बहुतेक स्कॉच आजही ब्लेंडेडच आहे. तिला दुय्यम समजणं मला पटत नाही. पन्नासएक व्हिस्क्या मिसळून दर वर्षी तीच चव काढणं हे फार मोठं कसब आहे.

आता धूर. जवाला मोड आले की ते थांबवण्यासाठी दाणे भट्टीवर वाळवतात. पूर्वी त्या भट्टीला जळण म्हणून पीट वापरत. दलदलीत हजारो वर्षं साचत गेलेलं शेवाळ, गवत, झुडपं म्हणजे पीट. ते कापून वाळवलं की जळतं, पण भरपूर धुमसतं आणि तो धूर ओल्या दाण्याला लागतो. रेल्वेने कोळसा पोचला तशी बऱ्याच ठिकाणी पीटची गरज उरली नाही. बेटांवर मात्र ते टिकलं. धुराचं माप पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत धुराची द्रव्यं किती भाग, असं सांगतात: आयला बेटावरच्या लफ्रॉइग डिस्टिलरीच्या माल्टचं चाळीसच्या आगेमागे, तिथल्याच आर्डबेगचं पन्नासच्या वर. पण हे माप वाळवलेल्या दाण्याचं आहे. स्टिलमधून आणि पिंपातून जाताना त्यातला बराच भाग गळतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून ग्लासातली चव कळत नाही.

पिंप हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. स्टिलमधून निघालेली दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. सगळा नैसर्गिक रंग आणि चवीतला फार मोठा वाटा लाकडाचा. अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन ही तिथली व्हिस्की दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. म्हणजे एकदा वापरलेलं पिंप त्यांच्या कामाचं राहत नाही आणि ते स्कॉटलंडला जातं. त्यातून व्हॅनिला, मध, नारळ, पिकलेलं पेर अशा चवी येतात. दुसरं मोठं घराणं शेरी या स्पेनच्या तीव्र वाइनच्या पिंपांचं: मनुका, सुकं अंजीर, संत्र्याची साल, दालचिनी. पूर्वी स्पेनहून शेरी पिंपांतूनच ब्रिटनला यायची आणि रिकामी पिंपं स्वस्तात मिळायची. आता शेरी बाटलीबंद होऊनच येते, त्यामुळे व्हिस्कीसाठी म्हणून स्पेनमध्ये मुद्दाम पिंपांत शेरी भरून ठेवतात. ही पिंपं बर्बनच्या पिंपापेक्षा कितीतरी महाग पडतात आणि बाटलीच्या किमतीत ते दिसतं.

तिसरी तीव्रता. ४० आणि ४६ टक्क्यांत फरक फक्त नशेचा नसतो. ४६ च्या खाली पाणी किंवा बर्फ पडला की व्हिस्की गढूळ होऊ शकते, म्हणून कंपन्या ती थंड करून गाळतात. त्या गाळण्यात थोडं तेल आणि थोडा पोतही जातो. लेबलवर ४६ टक्के आणि 'नॉन चिल फिल्टर्ड' दिसलं तर ती व्हिस्की तोंडात अधिक भरलेली लागण्याची शक्यता जास्त.

नवशिक्यांना मी एकच पद्धत सांगतो. एकटी बाटली घेऊ नका, परमिट रूममध्ये तीस-तीस मिलीचे दोन पेग शेजारी ठेवून चाखा. पहिली जोडी ब्लॅक लेबल आणि शिवास १२. दोन्ही बारा वर्षांच्या ब्लेंड. ब्लॅक लेबलमध्ये आयला बेटावरच्या कूल ईला डिस्टिलरीचा धूर आहे, शिवासच्या मुळाशी स्पेसाइड भागातली गोडसर स्ट्रथआयला आहे. कोणता ग्लास आधी रिकामा होतो ते बघा. धुराचा निकाल तिथेच लागतो. दुसरी जोडी ग्लेनलिव्हेट १२ किंवा ग्लेनफिडिक १२, आणि शेजारी शेरीच्या पिंपांतली ग्लेनड्रॉनक १२. यात लाकडाचा निकाल. धूर आवडला असेल तर तिसऱ्या वेळी स्काय बेटावरची टॅलिस्कर १०. तिच्यात धूर, मीठ आणि शेवटी काळ्या मिरीचा तिखटपणा असतो. लफ्रॉइग त्यानंतर. पहिल्याच घोटाला लफ्रॉइग देऊन नवख्याला घाबरवणं मला अजिबात आवडत नाही.

वऱ्हाडी ठेचा

सुरेख धागा. एक शंका. सगळीकडे लिहिलेलं असतं की चांगली स्कॉच बर्फ न घालता, खोलीच्या तापमानाला प्यावी. आमच्या नागपुरात मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे काय ते सांगायला नको. तशी प्यायली तर नुसता स्पिरिटचा भपकारा नाकात जातो. बर्फ घातला की जाणकार मंडळी नाकं मुरडतात. काय करावं?

सह्यकडा

@वऱ्हाडी ठेचा, तो सल्ला ज्यांनी दिला त्यांची खोली पंधरा ते अठरा अंशांची. ३८ अंशांना अल्कोहोल भराभर उडतं आणि त्याच्या मागचे वास लपतात. तेव्हा उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा किंवा एकच मोठा खडा टाका आणि त्याने गारवा आला की काढून घ्या. ग्लास भरून चुरा बर्फ टाकला तर मात्र जीभ बधिर होते आणि व्हिस्की पाणचट होते.

पाण्याबद्दल तर संकोच नकोच. चमचाभर पाण्याने वास खुलतो, हे तिथले ब्लेंडर पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. ते स्वतः नमुने बरेच पातळ करून हुंगतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर याचं प्रारूप करून पाहिलं. धुरकट वासाचा ग्वायकॉल नावाचा रेणू तीव्र दारूत आत अल्कोहोलच्या वेढ्यात राहतो, पाणी घालून प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास आलं की तो पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणजे नाकाच्या जवळ येतो. आधी कोरा एक घोट, मग थोडं पाणी, मग परत घोट. कुणाच्या मुरडलेल्या नाकाकडे बघू नका.

ग्लास तोंडाशी निमुळता असावा. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा छोटा ग्लास चालतो. हुंगताना नाक आत खुपसू नका, तोंड किंचित उघडं ठेवा. जळजळ निम्मी होते.

क्लाइडकाठी

ग्लासगोहून लिहितेय. मूळ लेखाशी बरीचशी सहमत आहे, पण वयाबद्दल थोडा वाद घालायचाय. लेबलवरचं वय त्या बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं, त्यामुळे तो आकडा प्रामाणिक आहे. आणि पीटच्या व्हिस्कीत तर वयाने खूपच फरक पडतो. मुरताना धूर हळूहळू उतरतो आणि लाकडाशी मिसळतो. आयलाच्या लागाव्हुलिनची ८ आणि १६ वर्षांची शेजारी ठेवा. आठची धारदार, लिंबासारखी आणि राखेची. सोळाची गोल, जड, चहाच्या काढ्याकडे झुकणारी. दोन्ही एकाच डिस्टिलरीच्या. नवशिक्याला 'वय विसरा' सांगितलं तर हा आनंद त्याच्या हातून निसटेल.

दुसरं, प्रदेशांचा नकाशा पाठ करू नका. कायद्यात पाच नावं आहेत: हायलंड, लोलंड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाउन. बाकीची बेटं त्यात वेगळी नाहीत, ती हायलंडमध्येच मोडतात. आयला म्हणजे धूर असं लोक धरून चालतात, पण आयलावरच्याच बुनाहावन १२ मध्ये आणि ब्रुकलाडीच्या क्लासिक लॅडीमध्ये पीटचा वास नसतो. उलट हायलंडमधल्या आर्डमोरमध्ये धूर असतो, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या टीचर्सला तो तिथूनच येतो. कॅम्पबेलटाउनमध्ये एकेकाळी वीसहून जास्त डिस्टिलऱ्या होत्या, आज तीन उरल्यात. त्यातली १८२८ ची स्प्रिंगबँक अजूनही आपलं सगळं जव स्वतःच्या फरशीवर पसरून, फावड्याने उलटून मोड आणते. बाटली मिळवणं इथेही अवघड झालंय.

सह्यकडा

@क्लाइडकाठी, लागाव्हुलिनचं उदाहरण मान्य. एकाच डिस्टिलरीच्या दोन वयांची तुलना हा वय समजून घ्यायचा योग्य रस्ता आहे. माझा विरोध वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांमध्ये वय लावून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याला आहे. तिसऱ्या-चौथ्यांदा वापरलेल्या थकलेल्या पिंपात अठरा वर्षं ठेवलेली व्हिस्की पहिल्यांदा भरलेल्या शेरीच्या पिंपातल्या दहा वर्षांच्या व्हिस्कीपुढे फिकी लागू शकते.

अबोली

माझा प्रश्न वेगळा आहे. मला धूर अजिबात सोसत नाही. आयलाची एक व्हिस्की हुंगली तर थेट दवाखान्यातल्या टिंक्चरची आठवण झाली. आणि कुठेही गेलं की मी व्हिस्की मागितली तरी "वहिनी, तुमच्यासाठी वाइन आहे" असं सांगतात. ते मला मनापासून खटकतं. धूर नको, अतिगोड नको, तर कुठून सुरुवात करू?

क्लाइडकाठी

@अबोली, टिंक्चर अगदी बरोबर ओळखलंत, धुरातली ती द्रव्यं फिनॉल या जंतुनाशकाच्या कुळातलीच आहेत. तुमचं नाक चांगलं आहे.

तुम्हाला ग्लासगोजवळची ऑखेन्टॉशन बघायला सांगेन. बहुतेक स्कॉच माल्ट दोनदा ऊर्ध्वपातित होतात, ही तीनदा, म्हणून हलकी आणि स्वच्छ. नंतर हायलंडची ग्लेनमॉरंजी. तिच्या स्टिल स्कॉटलंडमध्ये सगळ्यात उंच आहेत, पाच मीटरच्या वर. जड वाफा वर पोचायच्या आधीच खाली उतरतात, त्यामुळे हाती येते ती नाजूक आणि फुलांच्या वासाची व्हिस्की. आणि क्लायनेलिश १४ कधी मिळाली तर सोडू नका. तिला मेणासारखा गुळगुळीत पोत आहे आणि मला तो कुठल्याही गोडीपेक्षा प्रिय आहे.

वाइनबद्दल म्हणाल तर पुढच्या वेळी त्यांना बेसी विल्यमसन यांचं नाव सांगा. १९३४ मध्ये त्या लफ्रॉइगला उन्हाळ्यापुरत्या टायपिस्ट म्हणून आल्या आणि १९५४ पासून डिस्टिलरीच्या मालक होत्या. आज जॉनी वॉकरच्या मास्टर ब्लेंडर एमा वॉकर आहेत.

अबोली

धन्यवाद! दोन्ही नावं लक्षात ठेवते. ऑखेन्टॉशनपासून सुरुवात करते.

पै पै

सगळं छान, पण खिशाचं बोला. माझ्यासारख्या पगारदाराला सिंगल माल्ट महिन्याला परवडत नाही. इथे भरलेली स्कॉच आणि आयात स्कॉच यात नेमका फरक काय? आणि लेबलवर 'स्कॉच' शब्द असलेल्या देशी व्हिस्कीचं काय?

सह्यकडा

@पै पै, चांगला प्रश्न, सविस्तर लिहितो.

टीचर्स, १०० पायपर्स, व्हॅट ६९, ब्लॅक डॉग या स्कॉच इथे भरल्या जातात. व्हिस्की स्कॉटलंडमध्येच बनते आणि मुरते, मोठ्या टाक्यांतून तीव्र अवस्थेत भारतात येते आणि इथे पाणी घालून बाटलीत जाते. ती खरी स्कॉचच. आपल्याकडच्या बाटलीवर बऱ्याचदा ४२.८ टक्के हा आकडा दिसतो, तो भारतीय बाजारासाठी आहे. सिंगल माल्टला ही सोय नाही. २०१२ च्या नोव्हेंबरपासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हायला हवी.

'ब्लेंडेड विथ स्कॉच माल्ट्स' असं छापलेल्या देशी व्हिस्क्या मात्र स्कॉच नव्हेत. त्यांचा पाया बहुधा मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या तटस्थ अल्कोहोलचा, वर थोडं स्कॉच माल्ट. मळीवाली दारू युरोपात व्हिस्की या नावाने विकताच येत नाही. ती पिऊ नये असं म्हणत नाही, पण तिच्यावरून स्कॉचची चव ठरवू नका.

किमतीचं कारण कर. २०२१ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणलं. त्याखेरीज केंद्राचं सीमाशुल्क वेगळं, तेही २०२५ मध्ये १५० टक्के होतं. जुलै २०२५ मध्ये सह्या झालेल्या भारत-ब्रिटन करारात ते ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. तोवर चार मित्रांनी मिळून एक बाटली घेणं सगळ्यात शहाणपणाचं. ७५० मिलीत तीस मिलीचे पंचवीस पेग होतात. असं चार वेळा केलं की प्रत्येकाला चार वेगळ्या चवी एका बाटलीच्या पैशात मिळतात, आणि एका बैठकीत कमी प्यायलं जातं हाही फायदाच.

अगदी बजेटमध्ये हवी असेल तर टीचर्सने सुरुवात करा. तिच्यात माल्टचं प्रमाण चांगलं आहे आणि धुराची ओळखही होते. त्याच्या वर मंकी शोल्डर. तिच्यात ग्रेन नाही, फक्त माल्ट व्हिस्क्या एकत्र केलेल्या आहेत.

आणखी एक. महाराष्ट्रात स्पिरिटसाठी वय २५ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना लागतो. तो काढून ठेवा. परवानाधारक दुकानातूनच सीलबंद बाटली घ्या. 'ओळखीतून स्वस्तात' मिळणाऱ्या महागड्या बाटल्यांपासून लांब राहा, रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकण्याचा धंदा जोरात चालतो.

मांडवीतीर

गोव्याहून. आमच्याकडे स्वस्त म्हणून पर्यटक बाटल्या भरभरून नेतात, पण परवान्याशिवाय त्या महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि नाक्यावर तपासणी होते. चाखायचं ते इथेच चाखा.

धागा स्कॉचचा आहे तरी सांगतो, इथे आलात तर कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीची सिंगल माल्ट शेजारी ठेवून बघा. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं. आमच्या उकाड्यात ते कितीतरी पटींनी जास्त, पण लाकडाशी देवाणघेवाणही तितकीच जोरात होते. म्हणून इथली पाच-सहा वर्षांची व्हिस्की गडद आणि भरदार लागते. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट ग्लासगोत.

कोकणकडा

चखण्याबद्दल कुणीच बोललं नाही! मसाला शेंगदाणे आणि शेजवान सॉस याने चांगल्या व्हिस्कीची वाट लागते. आयलावर कालवांवर धुरकट व्हिस्कीचे थेंब टाकून खातात. आपल्याकडे कालवं आहेतच. मी कालवं नुसती वाफवून, मिरपूड टाकून टॅलिस्करबरोबर खातो, अप्रतिम लागतात. तिखट रवा लावलेला बांगडा मात्र नको, तो बिअरबरोबर. शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीबरोबर खारे काजू किंवा सुकं अंजीर.

सह्यकडा

@कोकणकडा +१. कालवांचा हंगाम आला की करून बघतो.

बाटली सांभाळण्याबद्दल राहिलंच होतं. वाइनसारखी आडवी ठेवू नका. तीव्र अल्कोहोल बुचाला लागून राहिलं तर बूच खराब होतं. उभी, उन्हापासून दूर, कपाटात. बंद बाटलीत व्हिस्की आणखी मुरत नाही. बारा वर्षांची बाटली दहा वर्षं कपाटात राहिली तरी ती बाराचीच. उघडल्यावर निम्म्याखाली गेली की हवेने चव हळूहळू सपाट व्हायला लागते, तेव्हा शेवटचा भाग छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा.

वऱ्हाडी ठेचा

शनिवारी ब्लॅक लेबल आणि शिवासची जोडी करून बघितली, फ्रीजमधून काढून. आम्ही तिघे होतो, तिघांचाही ब्लॅक लेबलचा ग्लास आधी संपला. म्हणजे आम्ही धुराकडचे. पुढच्या वर्षी मोठ्या भावाकडे एडिनबराला जायचं ठरतंय, आयला करता येईल का?

क्लाइडकाठी

@वऱ्हाडी ठेचा, नक्की करा. केनाक्रेग बंदरातून आयलाला फेरी जाते, साधारण दोन-सव्वादोन तास. गाडी न्यायची असेल तर जागा फार आधी बुक करा. मेच्या अखेरीस तिथे व्हिस्कीचा उत्सव असतो, तेव्हा बेटावर राहायला खोली मिळत नाही. तो आठवडा टाळलेला बरा.

पण खरं तर गाडीची गरजच नाही. आयलावरच्या पोर्ट एलन गावाहून समुद्राच्या कडेने पायवाट आहे. तिच्यावर आधी लफ्रॉइग, मग लागाव्हुलिन, मग आर्डबेग. तिन्ही मिळून तीनेक मैल, चालत होतात. गाडी चालवणार असाल तर एक थेंबही नको. स्कॉटलंडमधली मर्यादा उरलेल्या ब्रिटनपेक्षा कडक आहे. डिस्टिलरीत चालकाचा वाटा छोट्या बाटलीत बांधून देतात, तो मागून घ्या आणि रात्री मुक्कामी चाखा. आयलावरच्याच बोमोर डिस्टिलरीला जाल तेव्हा फरशीवर पसरलेलं जव आणि पीटची भट्टी दाखवणारी फेरी निवडा. आणि लागाव्हुलिनची १६ त्यांच्या स्वतःच्या गोदामात, पिंपाशेजारी उभं राहून चाखायची संधी मिळाली तर तिला पाणी घालू नका, निदान पहिला घोट तरी.